मोकळे हात

मार्केट यार्डाच्या चौकात त्या सकाळी खरं तर काहीच घडलं नाही. सिग्नल सुटला, दानीएलने शाळेची पिवळी बस पुढे घेतली, आणि धोतरातला एक म्हातारा, डोक्याला मळकट टॉवेल गुंडाळलेला, कुठून आला कोण जाणे, थेट बसच्या तोंडाशी उभा राहिला. ब्रेक लागला. मागे पोरं एकमेकांवर आपटली, कुणाची तरी पाण्याची बाटली गडगडत पुढे आली. म्हाताऱ्याने बसकडे पाहिलंसुद्धा नाही. तोल जाऊ नये म्हणून माणूस घराच्या भिंतीला हात लावतो तसा त्याने बसच्या पत्र्यावर तळहात टेकवला, दम घेतला आणि निघून गेला. एवढंच. पोरांना शाळेत उतरवल्यावर दानीएलने पुढे जाऊन पाहिलं, तर पत्र्यावरच्या धुळीत पाचही बोटं नीट उमटलेली. त्याने फडक्याने ती पुसली. पुसून झाली तरी तो फडकं हातात धरून तिथंच उभा राहिला. बसमध्ये पोरांना सांभाळणारी चांगुणा खाली उतरली, म्हणाली, "काय वो, भूत बघितलं का काय?" तो हसला. काही झालंच नव्हतं, तर सांगणार काय?

पण त्या दिवसापासून त्याचा उजवा पाय त्याचा राहिला नाही. जेवायला बसला की मांडी मोडून पाय आपोआप पुढे जायचा आणि फरशी दाबायचा. रविवारी चर्चमध्ये पाळक बोलत असले की पाय पुढच्या बाकाच्या फळीवर टेकायचा आणि हळूहळू दाब वाढवायचा; एकदा पुढे बसलेल्या वयस्कर बाईंनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. झोपेतही तेच. बायको, सिल्व्हिया, म्हणायची, "अहो, लाथा काय मारता?" तिला वाटायचं, स्वप्न पडत असेल. स्वप्न नव्हतं. डोळे मिटले की समोरून काहीतरी यायचं, त्याला तोंड नसायचं, आणि ते थांबवायचं असायचं. पुढं पुढं तर उघड्या डोळ्यांनीही येऊ लागलं. हन्ना, त्याची चौथीतली मुलगी, गरम वरणाची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून धावत यायची, आणि तो श्वास धरून पाय दाबायचा. शेजारची मांजर भिंतीवरून उडी मारायची, तो पाय दाबायचा. केडगावच्या त्यांच्या गल्लीत, नगरच्या त्या सगळ्या रस्त्यांवर जी माणसं जिवंत हिंडत होती, ती आपण पाय दाबून धरलाय म्हणून हिंडताहेत, असं त्याला वाटू लागलं. एक क्षण पाय सैल पडला की संपलं. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सगळ्या नगरात दानीएल ड्रायव्हर म्हणजे डोळे मिटून पोरं सोपवावीत असा माणूस होता. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. पालक दिसला की त्याला 'सलाम, काका' म्हणत, पोरं वाढदिवसाचं चॉकलेट पहिलं त्याला देत. सिल्व्हिया ज्या दवाखान्यात नर्स होती तिथल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "थोडा वर आहे. टेन्शन फार घेता तुम्ही. गोळी देतो, पण खरं औषध म्हणजे फॅमिलीला घेऊन कुठेतरी जाऊन या. मजा करा जरा." मजा हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की तो दुकानात मिळत असावा.

म्हणून ते तिघं शिर्डीकडच्या एका पार्कात गेले. सिल्व्हियाने चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, दारातल्या माणसाने ते आत नेऊ दिलं नाही, म्हणून ते गाडीत बसून आधीच खाऊन टाकलं; तिथपासूनच मजा सुरू झाली असं हन्ना नंतर सांगायची. आत पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, गोल फिरणाऱ्या कपबशा होत्या, आणि सगळ्यांच्या वर एक लोखंडी मनोरा. त्याच्या चारी बाजूंनी खुर्च्या. माणसं बसवायची, सावकाश टोकापर्यंत न्यायची आणि सोडून द्यायची. सिल्व्हियाने वर पाहिलं आणि ती पर्स सांभाळत खाली राहिली. हन्नाची उंची दारातल्या रेघेला कशीबशी पोचली. छातीवर जाड दांडा खाली आला, खटकन बसला. दानीएलचे हात सवयीने पुढे गेले, धरायला काही नव्हतं. पाय दाबला, पायाखाली हवा होती. मनोरा वर सरकू लागला तशी साईंच्या गावातली हॉटेलं, त्यांच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या, लांब उसाची हिरवी ठिगळं, सगळं खाली बसत गेलं. तो पाय दाबतच होता. आणि टोकाला पोचल्यावर, खुर्ची थांबली आणि वारं कानात घुमू लागलं तेव्हा, त्याच्या ध्यानात आलं की इथे ब्रेकच नाही. नाही, म्हणजे लावायचाही नाही. आता जे होईल ते आपल्या हातून होणार नाही.

त्याला विहीर आठवली. मिरजगावला चुलत्याच्या मळ्यात ती विहीर होती, आणि बाप त्याला पोहायला शिकवण्यासाठी घेऊन गेला होता. पाठीला रिकामा डबा बांधलेला. कडेला उभा राहून तो रडत होता, काठ सोडत नव्हता. बापाने काही न बोलता त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि टाकलं. पाण्याचा फटका बसला, नाकातोंडात पाणी गेलं, ते सगळं पुढचं. त्याच्या आधी एक जागा होती. बापाचे हात सुटलेले आणि पाणी अजून आलेलं नाही. तिथे तो कुणाचाच नव्हता. भीतीसुद्धा वर काठावरच राहिली होती. इतक्या वर्षांत ती जागा पुन्हा सापडली नव्हती. आता खुर्ची सुटली, पोट गळ्याशी आलं, शेजारी हन्ना किंचाळली, आणि तो त्या जागेत होता. डोकं धुतल्यासारखं स्वच्छ. खाली आला तेव्हा तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सिल्व्हिया धावत आली. "काय झालं? चक्कर आली का?" तो म्हणाला, "नाही गं. अजून एकदा जाऊन येतो." परतताना त्याने गाडीत जुनी उपासनेची गीतं मोठ्याने म्हटली, हन्नाने टाळ्यांचा ताल धरला. सिल्व्हिया त्याच्याकडे बघत राहिली. "किती दिवसांनी हसलात," एवढंच म्हणाली. त्या रात्री पाय झोपला.

मग ते जातच राहिले. आधी महिन्यातून एकदा, मग दर रविवारी, आधी उपासना आटोपून, मग उपासनेच्या ऐवजी. चर्चमधल्या बायकांनी विचारलं तर सिल्व्हिया सांगायची, "ह्यांच्या तब्येतीसाठी." आणि ते खोटं नव्हतं. ते रविवार चांगले होते. उन्हाने तापलेल्या कट्ट्यावर बसून तिघं आइसक्रीम खायची, हन्ना बापाच्या पाठीवर चढायची, सिल्व्हिया चक्क कपबशीत बसली आणि चप्पल हरवून आली, त्यावर सगळा आठवडा हसणं झालं. पण त्या पडण्याची पुंजी हळूहळू आटत चालली. आधी ती आठवडाभर पुरायची. मग बुधवारपर्यंत. मग पार्काच्या दाराबाहेर गाडीची किल्ली फिरवली की पाय पुन्हा जागा व्हायचा. मनोऱ्याची खुर्ची कुठे सुटणार, कुठे धरणार, हे आता त्याच्या अंगाला पाठ झालं होतं. छातीवरच्या दांड्याचा त्याला राग येऊ लागला. मिरजगावच्या यात्रेत त्याने आकाशपाळण्याचा हट्ट धरला. तो पाळणा जुना होता, प्रत्येक फेरीला त्याचा सांधा कण्हायचा, पाळण्याला अडसर म्हणून तारेचा एक आकडा होता. सिल्व्हियाने तो आकडा हाताने हलवून पाहिला आणि म्हणाली, "ह्यात नको." दानीएलला तो आकडा बघूनच बरं वाटलं होतं. हन्ना केव्हाच आत जाऊन बसली होती. वर गेल्यावर पाळणा कलला, आकडा खुळखुळला, आणि बापलेक एकदमच हसले. खाली सिल्व्हिया गर्दीत उभी होती. सगळ्यांची तोंडं वर होती. तिची नजर पाळण्यावर नव्हती, नवऱ्याच्या तोंडावर होती, आणि ते हसू तिला ओळखता येत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी, शिर्डीहून परतताना, राहुरी मागे पडल्यावर सरळ रस्ता लागला. दुपार कलंडली होती. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कडेने चालले होते. पार्कात दिवसभर त्याला काहीच झालं नव्हतं; कोरडाच वर गेला, कोरडाच खाली आला. आता पाय जीव खाऊन दाबत होता, समोर काही नसताना. सिल्व्हियाला शेजारी डुलकी लागली होती. आणि दानीएलने पाहिलं की आपले हात स्टिअरिंगवरून उठलेत. त्याने उठवले असं म्हणता येणार नाही. ते हवेत, बोटभर वर, थांबले होते. गाडी आपली आपण चालली होती. एक बाभूळ गेली, एक हॉटेलची पाटी गेली. आणि आत सगळं शांत झालं. पायाने दाबणं सोडलं. तीच विहिरीवरची जागा, पण आता कसलाही दांडा नाही, कुणी माणूस खाली कळ धरून बसलेला नाही. गाडी डावीकडे ओढली तेव्हा हातांनी स्टिअरिंग पुन्हा धरलं. त्याने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर हन्ना जागी होती. तिचे डोळे मोठे झाले होते आणि तोंडावर मनोऱ्याच्या टोकावरचं हसू होतं. ती पुढे सरकली, त्याच्या कानाशी तोंड आणून कुजबुजली, "पप्पा, परत." त्याने नजर पुन्हा रस्त्यावर वळवली. "मी मम्मीला नाही सांगणार," ती म्हणाली. त्याच्या मानेवर काटा आला. आपण हिला काय दिलं हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि तरी त्याने परत केलं.

सिल्व्हियाला कळलं ते विळद घाटात. पुढच्या वेळी ते शिर्डीकडे जात होते, उतार होता, मालट्रक गुरगुरत वर येत होते. ती पर्समध्ये रुमाल शोधत होती. मागून हन्ना हलकेच म्हणाली, "आता, पप्पा." तो 'आता' ऐकून तिने मान वर केली. नवऱ्याचे दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर, एखाद्याने प्रसाद घ्यायला धरावेत तसे, आणि त्याचा चेहरा इतका निवांत होता की तिला आधी तो मेला असंच वाटलं. ती ओरडली नाही. तिने झेप घेऊन स्टिअरिंग ओढलं. ट्रकचा भोंगा अंगावरून गेला, गाडी कडेच्या मुरुमात घसरत जाऊन थांबली. धूळ खाली बसली. मग हन्ना हसायला लागली, आणि आईने मागे वळून पाहिल्यावर थांबली.

"ब्रेक लागला नाही का?" सिल्व्हियाने विचारलं. तिचा आवाज दवाखान्यात पेशंटला विचारतात तसा सपाट होता.

"लागतोय."

"मग हात?"

दानीएलने हातांकडे पाहिलं. "हात जरा मोकळे केले."

"पोरगी मागे आहे."

"तिला आवडतं," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

ती उतरली, हन्नाला उतरवलं, आणि दोघी एसटीने घरी गेल्या. संध्याकाळी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि समोर बसली. म्हणाली, "तुम्हाला मरायचंय का? खरं सांगा. मी रोज माणसं मरताना बघते, मला सांगायला हरकत नाही." तो म्हणाला, "नाही गं, तसलं काही नाही." आणि ते खरं होतं; मरण त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. तो फक्त थकला होता. सगळ्यांना धरून धरून हाताला रग लागली होती. हे तिला सांगता आलं असतं, शब्दही तोंडाशी आले होते, पण हन्ना दाराआडून ऐकत होती. "उद्या शाळेत फोन करा," सिल्व्हिया म्हणाली. "रजा घ्या. आपण मोठ्या डॉक्टरांना दाखवू, पुण्याला जाऊ. बस चालवायची नाही." त्याने मान हलवली. सकाळी तिची पहिली पाळी होती. निघताना तिने दारातून विचारलं, "फोन केलात?" तो म्हणाला, "केला." फोन केला नव्हता. रजा घेऊन घरात बसायचं, आणि तो पाय फरशी दाबत राहणार, या कल्पनेनेच त्याला घाम फुटला होता. निदान रस्त्यावर पायाला काम होतं.

बस भरली. हन्ना रोजच्यासारखी त्याच्या मागच्या सीटवर बसली, चांगुणा दाराशी. बायपासला लागल्यावर रस्ता रुंद झाला, गर्दी मागे राहिली. कोवळं ऊन काचेतून आत आलं होतं, पोरांचा गलका चालू होता, आणि त्या गलक्यात त्याला हन्नाचा आवाज वेगळा ऐकू आला. ती शेजारच्या मुलीला सांगत होती, "माझे पप्पा हात सोडून गाडी चालवतात." "खोटं." "खरं. विचार." मग कानाशी तोच ऊबदार श्वास. "पप्पा, सोडा ना. एकदाच." मागून दुसरी मुलगी म्हणाली, "काका, सोडा ना." मग तिसरं कुणी. काय सोडायचं हे निम्म्या पोरांना ठाऊकही नव्हतं, पण आवाज मागे मागे पसरत गेला, टाळ्यांवर बसला, "काका, सोडा! काका, सोडा!" चांगुणा दाराशी उभी राहून ओरडली, "ए, गप बसा रे! काय सोडा? सोडा पायजे का लिंबू सोडा?" पोरं आणखी हसली. दानीएलने दात आवळले. मी धरलंय, तो मनात म्हणाला. घट्ट धरलंय. खात्री करायला त्याने खाली पाहिलं. उजवा हात स्टिअरिंगवर होता. डावा मांडीवर होता, तळवा वर. तो कधी सुटला हे त्याला माहीत नव्हतं. आणि उजव्या हाताची करंगळी उठली होती. तिच्या शेजारचं बोट उठत होतं.

पायाने ब्रेक दाबला. निदान पाय अजून इमानी होता. बस कडेला उभी राहिली. त्याने हँडब्रेक ओढला, चावी काढली आणि चांगुणापाशी गेला. "मावशी, ही चावी घ्या."

"काय झालं? टायर बसला का?"

"घ्या म्हणतो ना. आणि मी मागितली तरी देऊ नका."

तो खाली उतरला आणि कडेच्या मातीत बसला. वाहनं जात होती. वारा होता. त्याने तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि श्वास मोजू लागला, आणि थोड्याच वेळात त्याला बरं वाटलं. अगदी बरं. पाय शांत होता. हात त्याचेच होते, रोजचे, नखांत काळं ग्रीस असलेले. त्याला लाजच वाटली. पोरांच्या गोंगाटाने डोकं भणभणलं, एवढंच की. शाळा भरायची वेळ होत आली असेल. तो उठला, पँटची माती झटकली आणि दाराशी आला.

"द्या मावशी. उशीर होतोय."

त्याचा आवाज नेहमीचा होता. इतका नेहमीचा की चांगुणाची मूठ अर्धी उघडली. मग ती थांबली. "बरं वाटतंय का तुमाला?"

"काही झालंच नव्हतं."

"मग देऊ नका म्हनलेलं खरं, का द्या म्हनलेलं खरं?"

दानीएलने आत खूप खोल पाहिलं, खरंच पाहिलं, आणि तिथे दोन दानीएल शेजारी शेजारी उभे होते, दोघांचे चेहरे सारखेच सरळ. "मावशी, माझी नोकरी जाईल," तो म्हणाला, आणि हे बोलणारा त्यातला कोणता, हेही त्याला सांगता आलं नसतं.

"जाऊ द्या. माजी बी जाईल." तिने चावी पदराच्या टोकाला बांधली, पदर कमरेला खोचला आणि दाराच्या पायरीवरच बसकण मारली. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. शाळेतून होता. "व्हय, बायपासला हाय गाडी," ती त्याच्याकडे बघतच म्हणाली. "पोरं बरी हायेत समदी. न्हाई, गाडीला काय झालं न्हाई. डायवर..." ती जराशी थांबली. "डायवर न्हाई हो गाडीवर. दुसरा धाडा."

आतला गलका विझला होता. खिडक्यांतून तोंडं दिसत होती. हन्ना चांगुणाला ओलांडून खाली उतरली. आता तिच्या तोंडावर हसू नव्हतं. ती बापाजवळ आली, इकडेतिकडे बघितलं, आणि तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"पप्पा, धरा ना," ती म्हणाली.

दानीएलने खाली पाहिलं. तिच्या इवल्या मुठीत त्याची बोटं होती, सरळ, मोकळी. तो त्यांना मिटायला सांगत होता.